जे हललं ते आलं नाही

उंटवाडीला, टायरच्या दुकानावर, आमचा स्टुडिओ.
तिथे बसून सहा महिने मी भांडीबाजार बांधला.
वीट नाही, वाळू नाही,
नुसते फोटो, आणि रात्री अडीचला चुरचुरणारे डोळे.

सिनेमा येणार होता दिवाळीत.
त्याआधी लोकांनी मोबाइलवर नाशकात हिंडायचं,
बोळाबोळांतून नायकाचं हरवलेलं लॉकेट शोधायचं,
सापडलं की तिकिटात पन्नास रुपये सूट.
एवढ्यासाठी एक गाव.
दोनशे साठ दारं, त्यातली उघडणारी अकरा.

स्कॅनर लावला सकाळी सातला.
फैजान म्हणाला, हे यंत्र थांबलेलंच बघतं.
भिंत आली. भिंतीतला खिळा आला.
खिळ्याची पिशवी आली, आतल्या भोपळ्यासकट.
कुत्रं आलं, शेपूट सोडून.
रंगनाथ वडनेरे हंडा मठारत बसले होते.
हंडा आला, ऐरण आली, मांडी आली.
हात आला नाही.
हाताच्या जागी नुसतं धुरकट काही,
पाटीवरचं अक्षर तळव्याने फिरवून पुसावं तसं.

ठोक्यांचा आवाज आम्ही विकत घेतला,
नऊशे रुपयांना. मुरादाबादचा.

बंगळुरूहून निरोप आला : म्हाताऱ्यांची सही नाही, काढून टाका.
चाळीस मिनिटं लागली काढायला.
पण ते बसले होते त्याखालची फरशी
कुठल्याच फोटोत नव्हती.
पन्नास वर्षांत ती कुणी पाहिली असेल?
मी ती मनाने रंगवली. थोडी झिजलेली. थोडी उबदार.

चौथ्या आठवड्यात त्यांना पूर हवा झाला.
इकडे दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की भांडीबाजारात खालचे फळे रिकामे होतात,
कुणी कुणाला सांगत नाही,
पोरं आपोआप माळ्यावर परात चढवू लागतात.
आमच्याकडे एक पट्टी होती, बोटाने सरकवायची.
शून्य पूर्णांक बासष्टला कंबर.
मी सरकवली. पाणी चढलं, चांगलं दिसलं.
दुकानं जागच्या जागी चकाकत राहिली.

आणि पायरी.
वडनेऱ्यांच्या दुकानाची दुसरी पायरी, डावीकडून फुटकी.
खेळणाऱ्याचा पाय तिच्यात अडकायचा,
माणूस तिथेच चालत राहायचा, जागेवर, तासन्‌तास.
तक्रारी आल्या. मी पायरी बुजवली.
सरळ, गुळगुळीत, नव्या बंगल्याला शोभेल अशी.

सिनेमा आला. गेला.
सर्व्हर बंद करायची तारीख आली, रात्री बाराची.
अकरा चाळीसला मी आत गेले.
सबंध नाशकात आम्ही तिघं.
एक जण नदीवर उड्या मारत होता.
दुसरा वडनेऱ्यांच्या दुकानासमोर उभा, हलत नव्हता.
नाव लावलेलं : कल्हई७७.
मी जवळ गेले तसं त्याने लिहिलं,
इथली एक पायरी फुटकी होती ना?

मी लिहिलं, हो.
लिहिलं, मीच बुजवली.
तो म्हणाला, आमच्या आईला त्या खळग्यात
चिंच ठेवायची सवय होती, भांडी घासायला.

आई कोण, तो कुठून बोलतोय, मस्कत की मालेगाव,
विचारायला हवं होतं.
मी दुसऱ्या खिडकीत जुनी फाइल शोधत होते.

अकरा छपन्नला पायरी फुटली.
डावीकडून. होती तशी.
तो पुढे आला, चढला,
आणि त्याचा पाय अडकला.
चालत राहिला. जागेवर.
मी बघत राहिले.
बाहेर खाली कुणीतरी टायरच्या दुकानाचं शटर ओढलं,
त्याचा आवाज मात्र अस्सल नाशिकचा होता.